पहिली बशी : प्रस्तावना

पाहुणे साडेसातला येतात आणि पाने नवाच्या सुमारास मांडली जातात. मधल्या दीड तासात काय द्यायचे, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. विषय लहान वाटतो, पण घरच्या मेजवानीतली बरीचशी ओढाताण याच दीड तासात होते. बाहेरच्या खोलीत गप्पा रंगलेल्या असतात आणि आत गॅसवर कढई चढलेली असते. पहिला घाणा बाहेर जातो, तोवर आणखी दोघे येतात म्हणून दुसरा घाणा पडतो. मग कुणाला गार झालेली भजी नको असतात म्हणून तिसरा. कढईसमोर उभे राहणारे माणूस बहुतेक घरांत एकच असते, आणि ते कोण हे वेगळे सांगायला नको. ज्या घरच्या माणसाला भेटायला सगळे आले, तेच पाहुण्यांच्या वाट्याला सर्वांत कमी येते. माझे म्हणणे इथून सुरू होते. पहिली बशी अशी असावी की ती देणाऱ्याला पाहुण्यांत बसता यावे. ही एक अट काटेकोरपणे पाळली तर आरोग्याचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, कारण यजमानाला बसू न देणारे पदार्थ आणि पोटाला जड पडणारे पदार्थ यांची यादी जवळजवळ एकच आहे. सोपे आणि पौष्टिक या दोन गोष्टी एकत्र आणायला काही युक्ती लढवावी लागते असा समज आहे. माझ्या मते त्या मुळात एकत्रच होत्या; त्यांची फारकत अलीकडची आहे.

आपल्या जुन्या पंगतीत जेवणाआधी वेगळे काही देण्याची पद्धत नव्हती. पान एकदम वाढले जाई. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्ये वरणभाताची मूद. पाश्चात्त्य जेवणात जे एकामागून एक येते ते इथे पानावर शेजारीशेजारी असे, आणि तोंडाला चव आणण्याचे, भूक चाळवण्याचे काम डाव्या बाजूकडे असे. जेवणाच्या आरंभी आल्याचा तुकडा सैंधव लावून खावा ही आयुर्वेदाची शिकवणही घरोघरी माहीत होती. या विषयावर आपल्याकडे लिहिलेही भरपूर गेले. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या अन्नाच्या प्रकरणात आजची इडली, डोसा आणि वडा यांचे पूर्वज ओळखू येतात. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवाथे यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले, त्यात तर पदार्थ कसा करावा याच्या जोडीनेच तो अंगाला काय करतो हे सांगितलेले आहे. चवीचे खाणे वेगळे आणि पथ्याचे खाणे वेगळे, ही आजची वाटणी त्या लेखकाला चमत्कारिक वाटली असती. पण आजच्या पार्टीतल्या पहिल्या बशीचे मूळ पंगतीत शोधण्यात अर्थ नाही. ते शोधायचे तर माणसे जमत, तासभर बसत, काहीतरी तोंडात टाकत आणि जेवायला आपापल्या घरी जात, अशा प्रसंगांकडे जायला हवे. असे प्रसंग आपल्याकडे वर्षभर होते.

चैत्रगौरीचे हळदीकुंकू हा त्यांतला सर्वांत विचारपूर्वक बसवलेला नमुना. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या महिन्यात सोयीच्या दिवशी आळीतल्या बायकांना बोलावणे जाते. ऊन तापलेले, येणाऱ्या चाळीस-पन्नास, त्याही एकदम न येता दोन-तीन तास येत-जात राहणाऱ्या, आणि घरात राबणाऱ्या दोघी किंवा तिघी. या साऱ्या अडचणींवर जी बशी तयार झाली तिच्यात कैरीची डाळ असते, काकडीची किंवा कलिंगडाची फोड असते, शेजारी पन्ह्याचा पेला, आणि ओटीत भिजवलेले हरभरे. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजते. ती रोळीत पुरती निथळू द्यावी लागते, नाहीतर वाटताना चिकट लगदा होतो. वाटायचीही भरडच, दाताखाली कण आला पाहिजे. त्यात किसलेली कैरी, मीठ, चिमूटभर साखर, ओले खोबरे, कोथिंबीर, आणि वरून हिंग, मोहरी, हळद, लाल मिरचीची फोडणी. फोडणी गार करून मगच ओतायची हे जाणत्या घरांत कटाक्षाने पाळतात, कारण कच्च्या डाळीचा ताजेपणा गरम तेलाने जातो. पातेलेभर डाळीला दोन पळ्या तेल पुरते. पाहुणी आली की डाव हातात घ्यायचा, बशी भरायची आणि तिच्याशेजारी बसायचे. प्रथिने, आंबट, खारट, गूळ आणि पाणी, उन्हातून आलेल्या माणसाला जे जे हवे ते सगळे त्यात आहे, आणि ते आहारशास्त्राचा कुठलाही तक्ता न पाहता बसवलेले आहे. ते बसले ते करणारीच्या सोयीतून.

असे नमुने आणखी मिळतात, आणि त्यांचे एकमेकांशी असलेले साम्य पाहण्यासारखे आहे. हिवाळ्यात ज्वारीची कणसे कोवळी असताना शेतात आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणीस हातावर चोळून गरम दाणे समोर टाकले जातात, सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, दही, गुळाचा खडा, बोरे. हुरडा हे खाणे नुसते भाजलेले आणि ताजे. रायगडात त्याच दिवसांत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, रताळी, बटाटे आणि मीठ; भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही, पाल्याचा वास मात्र शेंगेच्या आतल्या दाण्यापर्यंत पोचलेला. गोव्यात क्रुसापुढे लादाईन झाली की जमलेल्यांना उकडलेले चणे आणि खोबऱ्याच्या कातळ्या वाटतात, आणि फेणीही फिरते. अलिबागकडच्या बेने इस्राएल घरांत मलिद्यासाठी पोहे भिजवून त्यात ओला नारळ, गोडवा, सुकामेवा घालतात आणि भोवती फळे मांडतात. महाराष्ट्राबाहेर पाहिले तर तमिळ घरांत नवरात्रातल्या गोलूच्या वेळी येणाऱ्या-जाणाऱ्यांना सुंडल देतात, एके दिवशी चणे तर दुसऱ्या दिवशी चवळी किंवा वाटाणे, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि खोबरे. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, हवामान थोडेफार वेगळे, तरी माणसे जमली की कडधान्य, नारळ, काहीतरी आंबट आणि एखादे फळ पुढे येते. याचे कारण व्यवहारी आहे. हे पदार्थ एकदम पातेलेभर होतात, आधी करून ठेवता येतात, गार झाले तरी बिघडत नाहीत, आणि पन्नासाचे साठ झाले तर मूठभर कमी वाढून भागते.

याचा अर्थ आपले पूर्वज तळलेले खात नसत असा मुळीच नाही. सणाला वडे-पुऱ्या, नैवेद्याला तळण, लग्नाघरी जिलबी आणि भजी होतीच. पण तेल-तूप महाग होते, आणि म्हणूनच तळण हे मानाचे होते. कढई चढली याचा अर्थ आज काही विशेष आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा अर्थ तसाच राहिला आणि दुर्मीळपणा तेवढा गेला. 1990 नंतरच्या दशकात खाद्यतेलाची आयात खुली झाली, पामतेलाचे डबे गल्लोगल्ली पोचले, आणि तळणे हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरला. केटररला तर तो फारच सोयीचा: बटाटा, मैदा, कॉर्नफ्लोअर आणि तेल यांवर कुठल्याही नावाची चार स्टार्टर निघतात. मुंबईचा यात मोठा वाटा आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर शहरात परवान्यावर पिण्याचे दिवस आले, पुढे परवाने सैल झाले आणि परमिट रूमची संस्कृती रुजली. तिथला चकणा मात्र सुरुवातीपासून बऱ्यापैकी शहाणा होता: उकडलेल्या शेंगा, चण्याची कोशिंबीर, काकडी-गाजराच्या चकत्या, भाजलेला पापड. वरच्या थरातल्या क्लबांनी आणि हॉटेलांनी दुसरी वाट धरली. चिकन मांचुरियन हा पदार्थ नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात प्रथम केला असे सांगितले जाते. कॉर्नफ्लोअरच्या लेपात तळून सॉसमध्ये घोळवायची ही रीत पुढे फ्लॉवर, पनीर, इडली अशा सगळ्यांवर चालवली गेली. हॉटेलात हे ठीक चालते, कारण तिथे कढईपुढे उभे राहण्याचाच पगार मिळतो. घरात ती यादी जशीच्या तशी आली, आचारी आला नाही.

जगात या खाण्याची जी घराणी आहेत त्यांच्याकडे पाहिले तर आपण नेमके कोणाचे अनुकरण करतो हे लक्षात येते. फ्रेंचांचे कॅनापे म्हणजे पावाच्या तुकड्यावर रचलेला एक घास. दिसायला देखणा, पण प्रत्येक घास हाताने रचायचा असल्याने तो नोकरचाकरांच्या घराचा पदार्थ आहे. रशियातले झाकुस्की म्हणजे खारवलेले मासे, आंबवलेल्या भाज्या आणि काळा पाव यांनी भरलेले टेबल, सगळे आधी तयार. इटलीच्या अँटिपास्तीत मुरवलेल्या भाज्या, ऑलिव्ह, चीज. स्पेनचे तापास हे मद्यालयातले, आणि त्यांत तळण बरेच. लेबनॉन, सीरिया, तुर्कस्तान या भागातले मेझे मात्र आपल्याला फार जवळचे आहेत: वाटलेले काबुली चणे, भाजलेले वांगे, दही, कोथिंबिरीसारखीच मूठमूठ वापरलेली पार्स्ली, लिंबू, तीळ. वांग्याचे भरीत आणि बाबा गनूश यांतला फरक फोडणीचा आणि तिळाचा. कॉकटेल पार्टीचे उभ्याने खाण्याचे पदार्थ ही त्या मानाने नवी गोष्ट, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये रुजलेली. आपल्या शहरी पार्टीने रूप घेतले ते या शेवटच्या घराण्याचे. मेझ्याचे घेतले असते तर घरातल्या कोशिंबिरी, भरिते, चटण्या आणि उसळी बाहेरच्या खोलीत केव्हाच आल्या असत्या. त्या आजही जेवणाच्या टेबलावर शेवटच्या कोपऱ्यात, वाटीभर, बहुधा न संपलेल्या आढळतात.

हे सारे आजच का सांगायचे? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटींच्या वर त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे वीस माणसे जेवायला बोलावली की त्यांत गोळी घेणारे, पथ्य सांगायला लाजणारे आणि स्वतःलाही ठाऊक नसलेले असे तिन्ही प्रकारचे पाहुणे असणार हे धरूनच चालावे. जेवणात भाजी आणि प्रथिने आधी खाल्ली आणि पिठूळ पदार्थ मागाहून, तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. पहिल्या बशीचे महत्त्व इथे अचानक वाढते: तिच्यात ब्रेड रोल आहे की मोड आलेल्या मटकीची उसळ, याचा परिणाम पुढच्या सगळ्या जेवणावर होतो. तेलाची गोष्ट निराळी. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2022 पासून तेला-तुपांतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली, आणि तळणाच्या तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यावे असा नियम केला. नियम धंदेवाल्यांसाठी आहे. घरात मोजायला कोणी येत नाही. आणि घरच्या पार्टीत तेलाचे हाल दुकानापेक्षाही जास्त होतात, कारण पाहुणे हप्त्याहप्त्याने येतात. कढई तापते, बंद होते, पुन्हा तापते. मधल्या घाईत तेल पुरते तापायच्या आत वडे पडतात आणि ते तेल पितात. मग आच वाढवली जाते आणि पुढचा घाणा वरून करपतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की रोज कोण पार्ट्या करतो? वर्षातून चार दिवस तळलेले खाल्ले तर काय बिघडते? चारच दिवस असतील तर काही बिघडत नाही, आणि त्या चार दिवसांसाठी हे पुस्तक नाही. पण वाढदिवस, वास्तुशांत, भिशी, सोसायटीचा गणपती, निकाल लागला म्हणून, क्रिकेटचा सामना आहे म्हणून, परदेशातून कोणी आले म्हणून, असे मोजत गेले तर मध्यमवर्गीय शहरी घरात हा प्रसंग महिन्यातून दोनदा तरी येतो. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी मंडळींकडे तर शनिवार-रविवारचे एकत्र जमणे हाच सामाजिक जीवनाचा कणा आहे, आणि तिथे गोठवलेले सामोसे ओव्हनमध्ये टाकणे ही परवलीची सोय. जो पदार्थ सणाचा होता तो सवयीचा झाला, एवढा बदल आपण लक्षात घेतलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे आणि तो कोणी उघड बोलत नाही. उसळ, कोशिंबीर, उकडलेल्या शेंगा पुढे ठेवल्या तर पाहुण्यांना वाटेल, कंजूसपणा केला. ही भीती खोटी नाही. आपल्याकडे आतिथ्य खर्चाने आणि कष्टाने मोजले जाते, आणि तळण हे दोन्ही दाखवते. माझे उत्तर असे की मान हा पदार्थाला जितका असतो तितकाच त्याच्या मांडणीला आणि निगुतीला असतो. तीच मोडाची मटकी पातेल्यातून पळीने वाढली तर ती रात्रीची भाजी. तीच कोरडी परतून, वर ओले खोबरे, डाळिंबाचे दाणे आणि लिंबाची फोड घालून लहान वाटीत दिली तर कोणीही ती कमी लेखत नाही. सुरळीच्या वड्यांचे उदाहरण घ्या. एक वाटी बेसन, तीन वाट्या आंबट ताक, हळद, मीठ, आले-मिरची. गुठळी न होऊ देता शिजवायचे आणि ताटलीवर थेंब पसरून तो सुटून येतो का ते पाहायचे. सुटला की पीठ गरम असेपर्यंत, दोन-तीन मिनिटांत, ताटांच्या पाठीवर पातळ पसरायचे. तेल लागते ते फोडणीपुरते. इतका देखणा, इतका नाजूक आणि पाहुण्यांना ‘कसे केले’ असे विचारायला लावणारा पदार्थ कुठल्याही तळणाच्या तोडीचा आहे, आणि तो दुपारीच होऊन बसतो. हाताला वळण लागेपर्यंत तो दोनदा फसतो हे मान्य. पार्टीच्या दिवशी पहिल्यांदा करायला घेऊ नये.

तिसरा आक्षेप चवीचा: आरोग्याचे म्हणून जे दिले जाते ते बेचव असते. याच्याशी मी पुष्कळसा सहमत आहे. आरोग्याच्या नावाखाली तळलेल्या पदार्थाची नक्कल करण्याची जी साथ आली आहे, ओव्हनमधली कोरडी कचोरी, नाचणीचा पुठ्ठ्यासारखा नाचो, साखरेऐवजी खजूर कोंबलेला लाडू, तिच्यावर माझा विश्वास नाही. नक्कल ही नेहमी मूळ पदार्थाची आठवण करून देते आणि हरते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे नावाने सात्त्विक आणि आतून तसाच. मेयोनीजमध्ये बुडवलेले सॅलड, ‘मल्टिग्रेन’ म्हणून विकलेले तळलेले काप, साखर आणि मीठ मुक्त हस्ताने घातलेला भाजक्या पोह्यांचा चिवडा. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचे आणि बाजारचे फरसाण मिळून त्यातला मोठा वाटा जेवणाआधीच संपवतात. एअर फ्रायरबद्दल विचारले जाते म्हणून सांगतो: यंत्र वाईट नाही, कोथिंबीर वडीला चांगले, पण बारा पाहुण्यांना पुरेल एवढे एका वेळी त्यात मावत नाही, आणि मग कढईसमोरचे माणूस यंत्रासमोर उभे राहते. चव यायला तेलच लागते हा समज फोडणीने कधीच खोटा पाडला आहे. चमचाभर तेलात हिंग-मोहरी तडतडली की तिचा वास पातेलेभर पसरतो. तळणात तेल वास देण्यापेक्षा खुसखुशीतपणा देते. तो खुसखुशीतपणा भाजलेल्या शेंगदाण्यांतून, कुरमुऱ्यांतून, चुरलेल्या पोह्याच्या पापडातून, कच्च्या काकडीतूनही मिळतो. सांगली-जयसिंगपूरकडच्या भडंगाने हे कधीपासून सिद्ध केलेले आहे.

थोडे तंत्राचे बोलायला हवे, कारण सोपेपणा त्यावरच टिकतो. तळलेल्या पदार्थाची अडचण अशी की त्याच्या आतली वाफ बाहेर येत राहते आणि वरचे कवच दहा-पंधरा मिनिटांत मऊ पडते. झाकून ठेवले तर आणखी लवकर. गार पदार्थांची अडचण पाण्याची. खमंग काकडीला मीठ लागले की थोड्याच वेळात तिला पाणी सुटते आणि दाण्याचे कूट त्यात भिजून लापशी होते. म्हणून काकडी चोचवून हलकेच पिळावी, कूट, खोबरे आणि गार फोडणी घालून ठेवावी, आणि मीठ, साखर, लिंबू बशा भरण्याच्या वेळी. पिळलेले पाणी मठ्ठ्यात जाते. दडप्या पोह्यांत नेमके उलटे: तिथे पाणी सुटणे हेच काम आहे. पातळ पोह्यांत ओले खोबरे, कांदा, काकडी, मीठ कालवून वर वजन ठेवले की पोहे त्या रसातच मऊ होतात, म्हणून ते तासभर आधी लावलेलेच बरे. सुरक्षिततेचा मुद्दा मात्र कोणी गमतीत घेऊ नये. साधारण 5 ते 60 अंश सेल्सियसच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. दही, पनीर, अंडी, मासे, शिजवलेली कडधान्ये बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे मुंबईच्या मे महिन्यात दह्याची कोशिंबीर दोन हप्त्यांत बाहेर आणायची, आणि उरलेली फ्रिजमध्ये. कच्चे मोड पाहुण्यांना, विशेषतः गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर, वाफवूनच द्यावेत.

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांची परंपरा भक्कम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’ लिहिले, आणि 1970 मध्ये आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने घराघरांत पाठराखण केली. या पुस्तकातल्या कित्येक कृती तुम्हाला तिथे या ना त्या रूपात सापडतील. नवेपणाचा दावा करण्याची मला गरज वाटत नाही. वेगळी आहे ती मांडणी. इथे पदार्थ लावले आहेत ते वेळेवरून: आदल्या रात्री होणारे, सकाळी होणारे, तासभर आधी लावायचे, आणि दारावरची घंटा वाजल्यावर पाच मिनिटांत जमणारे. त्यातच ऋतूचा विचार आहे, कारण श्रावणातली अळूवडी मे महिन्यात शोधत फिरण्यात हशील नाही. अळूवडी आणि कोथिंबीर वडी या दोन्हींचे उंडे वाफवूनच तयार होतात. तळणे हा नंतरचा संस्कार, आणि तव्यावर चार थेंब तेलात त्या उत्तम खरपूस होतात. अळूला चिंच मात्र सढळ हाताने लावावी, घसा खवखवतो तो त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी. मासे खाणाऱ्यांसाठी सुकटीची किसमूर आहे, अंड्यांचे दोन प्रकार आहेत, आणि सोलकढी, मठ्ठा, पन्हे यांना पेयांत न ढकलता बशीच्या बरोबरीने जागा दिली आहे. तळणीचे पदार्थ अजिबात नाहीत असे नाही. कांद्याची खेकडा भजी ठेवली आहेत, पावसाळ्यातल्या चार माणसांच्या बैठकीसाठी, आणि ती करणाऱ्याने कढईशेजारी स्टूल घेऊन सगळ्यांना स्वयंपाकघरातच बोलवावे अशी सूचना तिथे दिली आहे.

जे जाणूनबुजून वगळले तेही सांगतो. साबुदाणा वडा नाही, कारण उपासाच्या नावाने तो कितीही पवित्र असला तरी पिष्ट आणि तेल यांपलीकडे त्यात दाण्याचे कूट तेवढे आहे. विकत आणून फक्त ताटात मांडायचे पदार्थ नाहीत. ज्याला तीन दुकाने हिंडून सामान आणावे लागेल असे काही नाही. कॅलरींचे तक्तेही दिलेले नाहीत. घरच्या वाटी-चमच्याच्या मापावर ते आकडे कितपत खरे धरायचे, हा प्रश्न आहेच, आणि ज्यांना आजारामुळे नेमके मोजून खावे लागते त्यांनी पुस्तकापेक्षा आपल्या आहारतज्ज्ञाला विचारावे.

प्रत्येक कृती आठ माणसांना, पुढे जेवण आहे असे धरून दिलेली आहे. जेवणाऐवजीच ही बशी देणार असाल तर माप दुप्पट करा. एका वेळी तीनच पदार्थ निवडा: एक कडधान्याचा, एक कच्च्या भाजीचा किंवा फळाचा, एक गरम. गरम पदार्थ एकापेक्षा जास्त घेऊ नका. तिखट कोल्हापूरच्या मानाने कमी आणि पुण्याच्या मानाने थोडे जास्त धरले आहे, ते आपल्या घरच्या जिभेप्रमाणे बदला. विदर्भ, खानदेश आणि मराठवाडा इथल्या कृती या आवृत्तीत असाव्यात तेवढ्या नाहीत. तिकडच्या वाचकांनी आपापल्या घरचे, कढई न चढवता होणारे पदार्थ मापांसह प्रकाशकांकडे लिहून पाठवावेत. पुढच्या आवृत्तीत ते त्यांच्या गावाच्या नावासह घेतले जातील.